जत ते गुहागर: घाटाला नव्हे, घाटाआधीच्या रस्त्याला भ्या

निघायच्या आधी ज्याला-ज्याला विचारलं, त्यानं कुंभार्ली घाटाचीच भीती घातली. वळणं वाईट, धुकं असतं, समोरून अवजड गाड्या अंगावर येतात. पाटण ते घाटमाथा या टप्प्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. उलट "काँक्रीट झालंय, आता गाडी पळते" असं छातीठोक सांगणारेच भेटले. आईच्या कमरेनं त्या सांगण्याची किंमत मोजली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तसा हा सरळ एकच रस्ता आहे, गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्ग. जत, नागज, विटा, कडेगाव, कराड, पाटण, कोयनानगर, मग घाट, चिपळूण आणि गुहागर. कराडपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. माळ, पवनचक्क्या, डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागा, कडेगावपासून ऊस. फक्त हंगामात गेलात तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांपासून जपा. बहुतेकांना मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ती अगदी पुढ्यात आलेली असते. या एका कारणासाठी पहाटे काळोखात निघू नका, फटफटल्यावर निघा.

कराडला टाकी भरा आणि हवा तपासा. पाटणपर्यंत रस्ता चांगला लागतो आणि माणूस तिथंच फसतो. पुढं संगमनगर धक्क्यापासून खरी परीक्षा सुरू होते. आम्ही गेलो तेव्हा काँक्रीटचा एक तुकडा, मग अचानक वीतभर खाली उतार, मग खडी, मग खड्डे, मग पुन्हा काँक्रीट, असं हेळवाकच्या पुढं घाटमाथ्यापर्यंत चाललं होतं. सगळाच रस्ता खराब असता तर बरं झालं असतं, गाडी एका लयीत हळू चालली असती. इथं चांगल्या तुकड्यावर वेग येतो आणि तो संपतो तिथं ना फलक, ना पांढरा पट्टा. असल्या एका कडेवरून गाडी आदळली आणि मागं बसलेली आई कळवळली. अण्णा तेव्हापासून दर शंभर पावलांवर "हळू रे" म्हणत होते आणि त्यांचं बरोबर होतं. ज्या ठेकेदारानं हे असं अर्धवट सोडलंय, त्यानं एकदा आपल्या आईला मागच्या सीटवर बसवून इथनं न्यावं.

चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "दादा, घाट सोपाय. घाटापत्तोरच जड हाय." सगळ्या प्रवासात खरं बोललेला हा एकटाच.

तेव्हा स्पष्ट सांगतो. नकाशा कराड ते चिपळूण या ८०-८५ किलोमीटरला दोन-सव्वादोन तास दाखवतो, तुम्ही चार धरा. खाली टेकणारी गाडी असेल तर हा रस्ता धरूच नका. कंबर-मणक्याचं दुखणं असलेल्याला पुढं बसवा. दुचाकीवाल्यांनी दिवस असेल तरच जावं. रात्री कुणीच जाऊ नये, आणि पावसाळ्यात घाटात दरडींची भीती असते ती वेगळीच.

कोयनानगरला मात्र थांबा. नेहरू उद्यानातून धरण दिसतं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात हेच गाव उद्ध्वस्त झालं होतं. आणि जतसारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला इथं दुसरंही काही दिसतं. कोयनेचं कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिलेलं ६७.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी दरवर्षी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडं उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. मागं कराडजवळ टेंभूला मात्र कृष्णेचं पाणी पंपानं उचलून टप्प्याटप्प्यानं खानापूर-आटपाडीकडं चढवावं लागतं. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसाला हे बघून पोटात तुटतं. वीज लागते हे मलाही कळतं, तरी तुटतंच.

घाट खरंच सोपा आहे. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, वळणावर हॉर्न द्या. माकडांना खायला घालायला थांबू नका, मागून ट्रक येत असतात. उतरता उतरता हवा दमट होते, काचा खाली केल्या की ओल्या पाल्याचा वास येतो. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाची गर्दी लागते, ती पार केली की गुहागर ४५ किलोमीटर. हा पट्टा आम्हाला एवढा गुळगुळीत मिळाला की आई झोपली.

गुहागरचं काय सांगायचं, सगळंच चांगलं आहे. व्याडेश्वराचं देऊळ, सुरूचं बन आणि लांबच लांब किनारा. शीण कुठल्या कुठं गेला. तीन मुक्काम करा, दोन कमी पडतात. हेदवीला बामणघळ बघायची तर भरतीची वेळ विचारूनच जा, भरतीला तिच्यातून पाणी उसळतं, ओहोटीला नुसती खडकातली भेग दिसते. आणि मासे मागवताना सुरमई-पापलेटचा भाव आधी ठरवा. एका ठिकाणी पाटीवर "आकारानुसार" एवढंच लिहिलं होतं आणि बिल आल्यावर जेवणाची चवच गेली. घरगुती खानावळीत सकाळी सांगून ठेवलं तर ताजं मिळतं, आणि भावही आधी कळतो.

परत येताना मी पाटणचा रस्ता धरला नाही. चिपळूण, संगमेश्वर, देवरूख, साखरपा आणि आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूर असा आलो. लांब पडतं, डिझेल जास्त जातं, त्या रस्त्यावरही रुंदीकरणाची कामं लागली. पण आई घरी आली ती आपल्या पायांनी पायऱ्या चढून. म्हातारं माणूस बरोबर असेल तर जातानाही याच वाटेनं जा.