हिरव्या गाड्यांचं परीक्षण : आधी आकडे, मग चित्रं

पर्यावरणस्नेही गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय डिझाइन स्पर्धेत परीक्षकासमोर सगळ्यात आधी येतात ती चित्रं, आणि गडबड तिथूनच सुरू होते. संगणकावर काढलेलं चकचकीत चित्र (रेंडर) बघितलं की मनात गुण ठरून जातात आणि पुढचा तक्ता आपण त्या गुणांना साजेसा वाचू लागतो. म्हणून पाच परीक्षकांपैकी इंदूरहून परीक्षण करणारे आम्ही दोघं पहिल्या फेरीत चित्रांची फाइल उघडतच नाही. आधी आकड्यांचं पान : वजन, टायर, हवेचा रोध, बॅटरी, किलोमीटरमागे किती वीज.

त्या पानावर पहिली अडचण गणिताची नसून लिखावटीची. जर्मन, फ्रेंच, ब्राझिलियन संघ दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. ‘०,२८’ लगेच कळतं, पण जर्मन किंवा ब्राझिलियन तक्त्यात ‘१.२५०’ किलो दिसलं तर ते साडेबाराशे किलो असतं, सव्वा किलो नव्हे. तक्ता आपोआप दुसऱ्या शीटमध्ये ओढून घेतला तर असे आकडे निमूट बिघडतात. अमेरिकी संघ मैलामागे वीज देतात, तिला १.६०९ ने भागायचं. रेंजचंही, म्हणजे एका चार्जमध्ये किती किलोमीटर याचंही तसंच : कोणी भारतीय चाचणीचक्रावर सांगतो, कोणी युरोपच्या, कोणी चीनच्या. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही दावा केलेली रेंज बाजूला सारतो आणि वीज स्वतः काढतो.

त्याला पाच मिनिटं पुरतात. समजा, माणसांसह गाडी ९०० किलोची आहे. साध्या चांगल्या टायरचा रस्त्यावर लोळतानाचा रोध-गुणांक ०.०१ धरला तर रस्ता सुमारे ८८ न्यूटननं मागे ओढतो. रुंदी १.५५ मीटर आणि उंची १.५ मीटर असेल तर त्यांच्या गुणाकाराचे ८३ टक्के, म्हणजे १.९३ चौरस मीटर, हे समोरून दिसणारं क्षेत्रफळ. हवारोधाचा गुणांक ०.३० घेतला तर ताशी ६० किलोमीटरला हवेचा रोध ९७ न्यूटनच्या आसपास येतो. बेरीज १८५. न्यूटनला ३.६ ने भागलं की थेट किलोमीटरमागे वॉट-तास मिळतात, इथे ५१. मोटर, कंट्रोलर आणि गिअर मिळून ८५ टक्के कार्यक्षम धरले की बॅटरीतून ६० जातात, आणि चार्जिंगमधली गळती मिळवली की मीटरवर ६७ च्या घरात. अशा गाडीला कोणी ३५ लिहिलं असेल तर एक तर टायर सायकलचे आहेत, नाही तर माणसं मोजलेली नाहीत.

एसी तर जवळपास सगळेच विसरतात. प्रमाणित चाचण्या बहुधा एसी बंद ठेवून होतात, त्यामुळे स्पर्धक मुलांच्या गणितातही तो नसतो. आमच्याकडे मे महिन्यात राजवाडा भागातल्या गर्दीत गाडी ताशी सरासरी २५ किलोमीटरनं गेली आणि एसीनं सलग १ किलोवॉट घेतला, तर किलोमीटरमागे ४० वॉट-तास नुसत्या गारव्याचे. वेग कमी तितका हा भार जास्त. थंड देशातल्या संघांना हाच प्रश्न हीटरचा विचारावा लागतो. तिथे हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र) आहे की साधी तापणारी कॉइल, यावर हिवाळ्यातली रेंज ठरते.

छतावरच्या सोलर पॅनेलचा मोह कुणालाच आवरत नाही. छोट्या गाडीवर दीड चौरस मीटर जागा मिळते, २० टक्के कार्यक्षमतेनं ३०० वॉट. इंदूरच्या स्वच्छ दिवसाचं ऊन पाच तासांच्या भर उन्हाइतकं धरलं तर कागदावर दीड युनिट येतं. सपाट बसवलेलं पॅनेल, धूळ, तापल्यामुळे होणारी घट आणि झाडाची अर्धवट सावली वजा जाता हातात एक युनिट उरतं, म्हणजे बारा-पंधरा किलोमीटर. हे वाईट नाही. पण ते मिळवायला गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि भाजलेली केबिन थंड करताना पहिली दहा मिनिटं एसी अडीच किलोवॉट ओढत असेल तर ०.४ युनिट तिथेच जातं. ही वजाबाकी स्वतःहून दाखवणारा संघ आम्हाला अजून भेटायचा आहे.

वजनाच्या यादीत बॅटरीची ओळ आधी बघायची. सुट्या सेलचा आकडा, किलोमागे २५० वॉट-तास, थेट पूर्ण पॅकला लावलेला असतो. २० युनिटची बॅटरी मग ८० किलोची दिसते. पेटी, थंड करण्याची व्यवस्था, बसबार (वीज नेणाऱ्या जाड धातूपट्ट्या), संपर्कक (मोठे स्विच) आणि तारा धरून किलोमागे १३० मिळाले तर तीच १५४ किलो होते. काचेची ओळ तर बरेचदा नसतेच. पाच मिलिमीटर काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, त्यामुळे पूर्ण काचेचं छत दाखवणाऱ्यांनी तरी हा हिशेब करावा.

एवढं झालं की चित्रं उघडायची, तीही फूटपट्टी घेऊन. बरोबर बाजूनं काढलेलं दृश्य ए-थ्री कागदावर छापायचं. तक्त्यात टायर १६५/७० आर १४ लिहिला असेल तर त्याचा व्यास ५८७ मिलिमीटर. कागदावर चाक २९.३ मिलिमीटर भरलं तर प्रमाण एकास वीस. मग छताची उंची मोजायची. तक्त्यात १४८० लिहिलेली असते, कागदावर ६६ मिलिमीटर भरते, म्हणजे गाडी १३२० चीच. मधले १६० मिलिमीटर म्हणजे गाडीच्या तळाखाली बसवायची बॅटरी. चित्र काढणाऱ्यानं ती धरलेली नाही, हिशेब करणाऱ्यानं धरली आहे. एकाच संघानं दोन वेगळ्या गाड्या पाठवल्यात हे इथे कळतं. तिरप्या दृश्यावर हे मोजमाप करू नये, अंतरानुसार प्रमाण बदलतं.

याच कागदावर वायपर, नंबरप्लेटची जागा आणि दाराच्या फटी शोधायच्या. पुढची चाकं झाकलेली असतील तर ती ३५ अंश वळल्यावर कुठे घासतील तेही रेघ मारून बघायचं. हल्ली एआयनं काढलेली चित्रं येतात, त्यात या गोष्टी हटकून गायब असतात किंवा डाव्या-उजव्या बाजू जुळत नाहीत. शंका आली तर मूळ कॅड फाइल (संगणकावरचा डिझाइन आराखडा) आणि गाडी तीन ठिकाणी कापून दाखवणारे छेद मागवावेत. हवारोधाचा गुणांक ०.१९ लिहिला असेल तर चाकं फिरती धरली होती का, आरसे आणि रेडिएटरची तोंडं ठेवली होती का, हे विचारायचं. खरी परीक्षा वेग देऊन मोकळी सोडलेली गाडी किती लांब जाते यावर होते. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आम्हाला जवळ आहे खरा, पण त्यासाठी चालती गाडी हवी, कागदावरची नव्हे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो कार्बनच्या हिशेबावर. भारतात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वरच्या गाडीचे किलोमीटरमागे ४७ ग्रॅम होतात. नॉर्वेची वीज बहुतेक पाण्यावरची, तीच गाडी तिथे शून्याजवळ जाते. मग गुण गाडीला की धरणाला? आम्ही ठरवलं की प्रत्येक गाडीचा हिशेब एकाच समाईक वीजमिश्रणावर आणि दीड लाख किलोमीटरच्या आयुष्यावर करायचा. स्वतःच्या देशाचा आकडा संघानं वेगळ्या ओळीत द्यावा. बॅटरी बनवताना युनिटमागे ८० किलो धरले तर २० युनिटचे १६०० किलो होतात, किलोमीटरमागे ११ ग्रॅम. ‘रेंज वाढवली’ म्हणून दुप्पट बॅटरी टाकणाऱ्यांना हे ११ चे सुमारे २१ झालेले दाखवावे लागतात.

आमच्या इंदूरच्या देवगुराडियातल्या बायो-सीएनजी प्रकल्पाचं नाव ऐकून परदेशी परीक्षक भारावतात. २०२२ मध्ये तो सुरू झाला तेव्हा रोज ५५० टन ओला कचरा आणि सुमारे १७,००० किलो गॅस, अशी त्याची क्षमता होती. गॅसवरच्या गाडीला गुण देताना मात्र आमचा प्रश्न गळतीचा असतो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, त्यामुळे थोडी गळतीही फायद्याचा मोठा भाग खाऊन टाकते.

साहित्याच्या रकान्यात ताग, बांबू, जवस येतात. ते इपॉक्सीत (कडक होणाऱ्या राळेत) बसवले की पुन्हा सुटे होत नाहीत, आणि कडा नीट बंद केल्या नाहीत तर पावसाळ्यात ओल धरून फुगतात. ‘पुनर्वापराचं अॅल्युमिनियम’ बाहेरच्या पत्र्यासाठी लिहिलेलं असतं. ऊर्जा नव्या धातूच्या पाच टक्क्यांच्या आसपास लागते हे खरं, पण मिसळलेल्या भंगारातून मुख्यतः ओतकामाचा धातू बनतो. पत्र्याला निवडक, स्वच्छ भंगार लागतं.

प्रत्यक्ष प्रश्नोत्तरं ऑनलाइन होतात. इंदुरात दुपारी साडेबारा म्हणजे जपानमध्ये चार आणि जर्मनीत उन्हाळी वेळेनुसार सकाळचे नऊ, म्हणून आशिया-युरोपातल्या संघांना तीच वेळ जमते. पाठ केलेलं भाषण थांबवायला एक प्रश्न पुरतो : तुम्ही काय काढून टाकलंत आणि का? दुसरा, फुल्ल चार्ज गाडी भेरूघाटासारख्या उतारावर सोडली तर ब्रेक लावताना मोटर जी वीज परत बनवते ती कुठे जाणार? भरलेली बॅटरी ती वीज घेत नाही, सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ज्यांनी खरंच डिझाइन केलंय ते थांबतात, कागद घेतात आणि आकडा काढतात.

गुण जमवताना पाचही परीक्षकांची सरळ सरासरी काढू नये. एक जण सगळ्यांना ५५ ते ७५ मध्ये ठेवतो, दुसरा ३० ते ९५ पर्यंत फिरतो, आणि निकाल त्या दुसऱ्याच्याच मर्जीनं लागतो. प्रत्येकाचे गुण त्याच्या स्वतःच्या सरासरीपासून किती प्रमाणविचलन (त्याचे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) दूर आहेत हे काढून मगच बेरीज करावी. सुरुवातीला दोन प्रवेशिका सगळ्यांनी मिळून तपासल्या तर हा फरक बराच आटोक्यात येतो. नावं झाकून क्रमांक दिले तरी पीडीएफच्या माहितीत कॉलेजचं नाव राहतं, ते पुसून घ्यावं. ओळखीचा संघ निघाला तर त्या प्रवेशिकेचे गुण त्या परीक्षकानं देऊ नयेत, आणि हे चर्चेच्या आधी सांगावं.

बाद झालेल्या संघांना आम्ही तीन ओळी लिहितो : कोणता आकडा चुकला, किती असायला हवा होता, कोणत्या पानावर. उत्तरं बहुतेक दोन दिवसांत येतात, आणि त्यातल्या काही जणांनी वजनाची यादी दुरुस्त करून जोडलेली असते.