मनगटाची दुर्बीण: भोकं बारीक, काम मोठं

गुडघ्याची दुर्बीण आता घराघरात माहितीये, पण मनगटाचं ऑपरेशन दुर्बिणीतून केलं म्हटलं की लोक आधी विचारतात, "एवढ्याशा मनगटात दुर्बीण शिरते कुठून?" मग टाक्यांचे बारीक ठिपके बघतात आणि लगेच दुसरं टोक गाठतात, "अगं मग काहीच नाही की, सोमवारपासून ऑफिस?" ही पोस्ट ह्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

माझं दुखणं करंगळीच्या बाजूचं. पावसाळ्यात जिन्यात घसरले, हात टेकला, एक्स-रेत हाडं शाबूत, मग क्रेप बँडेज, मलम, सगळं झालं, तरी किल्ली फिरवताना, टॉवेल पिळताना, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना कळ यायचीच. तिथे टीएफसीसी म्हणून कुर्चा आणि लिगामेंटचा एक तिकोनी गठ्ठा असतो, कोपरापासून येणारी दोन हाडं मनगटापाशी एकमेकांना धरून राहतात ती त्याच्या जिवावर. तो फाटलेला एमआरआयमध्ये कधी दिसतो, कधी निसटतो. आणि उलटंही होतं, वय झालं की अजिबात न दुखणाऱ्या मनगटातही तो झिजून फाटलेला सापडतो, म्हणून नुसता रिपोर्ट बघून कुणी कापत नाही (कापू नये!). आधी स्प्लिंट, आराम, औषधं, कधी इंजेक्शन, भागलं नाही तर दुर्बीण.

प्रत्यक्ष प्रकार भारी असतो. इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला, मी जागी. बोटांत जाळीच्या टोप्या घालून हात शिंक्यासारखा वर टांगतात, कोपर काटकोनात, आणि साधारण पाच किलोचा ताण देतात, कारण आत मुळात जागाच नसते, ओढल्यावर हाडांमध्ये जेमतेम काही मिलिमीटर फट पडते. दुर्बीण दोन-अडीच मिलिमीटर जाडीची. भोकं मनगटाच्या मागच्या बाजूने, बोटं उचलणाऱ्या दोऱ्या तिथे सहा कप्प्यांतून जातात, त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या वाटेला डॉक्टर चक्क 'थ्री-फोर' म्हणतात. आसपास नसांच्या बारीक फांद्या असतात, म्हणून ब्लेड फक्त कातडीपुरतं आणि पुढची वाट बोथट चिमट्याने. मग बारीक हूक घालून ती कुर्चा दाबून बघतात, ताणलेली असेल तर हूक उसळतो, सैल असेल तर रुततो. मला विचाराल तर खरी कमाई ही आहे, छोटा व्रण नाही. १९७९ मध्ये चेन नावाच्या डॉक्टरांनी मनगटाच्या दुर्बिणीवर लेख लिहिला तेव्हापासून मुद्दा हाच, की सांधा न उघडता आत बघता येतं.

पण फाटलंय कुठे त्यावर पुढचं सगळं. मधोमध फाटलं तर तिथे रक्तपुरवठाच नसतो, शिवून जुळत नाही, मग लोंबणारा तुकडा साफ करतात आणि हात लवकर हलवायला सांगतात. कडेला किंवा हाडापासून सुटलं तर शिवता येतं, आणि मग तळहात वर-खाली फिरवायचा नाही म्हणून बऱ्याचदा कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर नाहीतर स्प्लिंट, चार ते सहा आठवडे. माझं कडेचं. भोकं बारीक असली तरी आतलं लिगामेंट त्याच्या वेळेनेच जुळतं, त्याला काय माहीत बाहेर टाके किती. आणि काहींचं करंगळीकडचं हाड जरा लांब असतं, ते घासून घासून फाटलेलं असेल तर हाडाचंही काहीतरी करावं लागतं, म्हणून "हाडाची लांबी बघितलीत का" हे आधीच विचारून घ्या.

वेणी, हुक, पोळ्या, सगळं बंद. चिडचिड होते, होणारच. प्लास्टर निघाल्यावर मनगट अक्षरशः लाकूड, आणि तळहात आकाशाकडे करणं सगळ्यात उशिरा येतं, दुकानदार सुटे पैसे देतो तेव्हा कळतं. फिजिओने हातोडी दांड्याच्या टोकाला धरून हळूहळू दोन्हीकडे कलती करायचा व्यायाम दिलाय. घरात हातोडी नव्हती, तर सासूबाईंनी लाटणं दिलं, फिजिओ म्हणाली चालेल, पण वजन कमी पडतं, हातोडीच घ्या.