मीटरला गोड कळत नाही

गेल्या उन्हाळ्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीत नळाचं पाणी पुरेना, म्हणून टँकर सुरू झाले. टँकरच्या पाठोपाठ फिल्टर विकणारे येतात, हा क्रम ठरलेला. असाच एक मुलगा "काकू, फक्त पाच मिनिटं" म्हणत आत आला आणि ओट्यावर दोन पेले मांडले. एकात आमचं टँकरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर निघाला, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत याचा आकडा दाखवणारा. टँकर 640, आरओ 25.

आई ढिम्म. ती पाण्याची परीक्षा तूरडाळीवर घेते. सदाशिव पेठेत खडकवासल्याच्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी शिजायची, हे आम्ही दर टँकरला ऐकतो. पाणी जड आहे हे तिला कुकरनं आधीच सांगितलं होतं.

मग त्यानं हुकमाचा पत्ता काढला. लोखंडाच्या कांड्या लावलेला एक डबा दोन्ही पेल्यांवर ठेवला आणि बटण दाबलं. मिनिटभरात टँकरच्या पाण्याला पिवळट रंग चढला, मग हिरवट, मग तपकिरी, आणि वर घाण साय तरंगू लागली. आरओचं पाणी आपलं स्वच्छ. "बघा काकू, हे रोज पोटात जातंय!" आता मात्र आईचा हात तोंडाकडे गेला.

मी मिठाची बरणी पुढे केली. म्हटलं, बटण बंद करा, कांड्या धुवा आणि तुमच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून परत चालू करा. तो "त्याची गरज नसते सर" म्हणाला; आई म्हणाली, "टाक रे, मिठाला काय पैसे पडतात?" टाकलं. त्याच्या शुद्ध पाण्याचाही तसाच गटार झाला.

तो चिखल पाण्यातला नव्हताच, कांड्यांचा होता. वीज वाहिली की लोखंड विरघळून पाण्यात उतरतं आणि त्याचा गाळ होतो. आरओच्या पाण्यात वीज वाहायला क्षारच जवळजवळ नव्हते, म्हणून कांड्या शाबूत राहिल्या. निव्वळ पाणी विजेला फारसं विचारत नाही: 25 अंश तापमानाला त्याची वाहकता सेंटिमीटरला जेमतेम 0.055 मायक्रोसीमेन्स, तर समुद्राच्या पाण्याची 50 हजारांच्या घरात. मीठ विरघळतं तेव्हा सोडियम आणि क्लोरीन विद्युतभार घेऊन वेगळे होतात आणि वीज नेण्याची हमाली हे आयनच करतात. वीज सोडण्याआधीच मीठ असं फुटलेलं असतं, हे स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञानं 1884 साली उप्सालाच्या प्रबंधात मांडलं, तेव्हा परीक्षकांनी त्याला कसंबसं पास केलं. 1903 साली त्याच कामाला नोबेल मिळालं. (पुण्यात पीएचडी करणाऱ्यांनी हे गाइडला ऐकवू नये.)

मुलगा चहा घेऊन गेला. जाताना मीटर मात्र मी त्याच्याकडून विकत घेतला. हा पठ्ठ्या क्षार मोजत नाही. वाहकता मोजतो आणि तिला साधारण अर्ध्यानं गुणून क्षारांचा अंदाज दाखवतो. त्या रात्री आरओच्या पाण्याच्या एका पेल्यात चमचाभर साखर ढवळली. मीटर 25 चा 24 झाला. साखर विरघळते, पण फुटून आयन होत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी ती नाहीच. दुसऱ्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं, तर आकडा 1500 च्या पुढे पळाला. मीटरला गोड कळत नाही, तसे जंतूही कळत नाहीत. 30 आकड्याचं पाणी पोट बिघडवू शकतं, आणि 640 म्हणजे विष नव्हे: भारतीय मानकात 500 ही हवीशी मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतं. तरी टँकरचं पाणी मला आवडत नाही. साबणाला फेस येत नाही आणि गीझरमध्ये खडू साठतो.

आता मीटर हातात आला की राहवत नाही. नारळपाणी झालं, ताक झालं, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी झालं. काल आमटीत बुडवला. आकडा त्याच्या आवाक्याबाहेर गेला आणि तो नुसताच लुकलुकत बसला. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला, धुतला, आणि पळी पुढे केली.

"मीठ कमी आहे का, ते जिभेनं सांग."

कमी होतं.