साडेतीन दुर्बिणींचा हिशोब
दसऱ्याला आमच्याकडे पाटावर दुर्बिणींची पूजा होते. यंदा चार निघाल्या आणि पाट पुरेना. आई म्हणाली, "बघतोस एका डोळ्याने, मग चार कशाला?" त्यातली एक दोन डोळ्यांची आहे, हे सांगून काही उपयोग नव्हता.

म्हणून कोणती ठेवायची आणि कोणती काढायची ते ठरवायला निरीक्षणाची वही काढली. दसरा ते दसरा एकूण 61 रात्री. पावसाळ्याची पानं जवळजवळ कोरी. 10×50 ची द्विनेत्री 27 रात्री बाहेर पडली, 80 मिमीचा छोटा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) 22, 8 इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) 9 आणि 130 मिमीचा न्यूटोनियन (हीही आरशाचीच) फक्त 3.

त्या तीन रात्रींतल्या दोन ध्रुव शोधण्यात गेल्या. न्यूटोनियन इक्वेटोरियल माउंटवर आहे, ताऱ्यांमागे फिरणाऱ्या बैठकीवर, म्हणजे त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायला हवा. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. कोथरूडच्या आमच्या गच्चीवरून तिथे शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी येते. शिवाय अक्ष इतका आडवा केला की समतोलाचं वजन तिकाटण्याच्या पायाला आपटतं. घेताना हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

रात्री मोजल्या तर 8 इंचीही विकायला हवी. नळी आणि बैठक मिळून वीस किलोच्या वर. लिफ्ट सहाव्या मजल्यापर्यंत, पुढचा जिना अरुंद. पण मग पानं मोजली. त्या 9 रात्रींनी वहीची जवळजवळ निम्मी पानं खाल्ली आहेत! एप्रिलमध्ये वेल्ह्याच्या बाजूला नेली होती. ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ आपल्याकडून दक्षिणेला सुमारे 24 अंशांपर्यंत चढतो. द्विनेत्रीत तो पुसट कापसाचा बोळा. डॉब्सोनियनमध्ये परातीत रवा सांडावा तसे तारेच तारे. त्या एका गुच्छावर चार पानं लिहिली आहेत, चित्र वेगळं.

उलट कृत्तिका या मोठ्या नळीत मावतच नाहीत. 1200 मिमी नाभीय अंतर आणि 25 मिमीची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) म्हणजे 48 पट, दिसणारं क्षेत्र जेमतेम 1 अंश. तीच नेत्रिका 400 मिमीच्या रिफ्रॅक्टरला लावली की 16 पट आणि 3 अंशांहून थोडं जास्त. अख्खा गुच्छ भोवतालच्या काळोखासकट दिसतो. त्यामुळे मोठी घेतली की छोटी सुटते, हा हिशोब मला तरी जमलेला नाही.

परवाची नोंद. कोजागिरीनंतर काही दिवसांनी, चंद्र उशिरा उगवणार होता. शनी पाहायला दोन्ही वर चढवल्या (पाठ अजून बोलते आहे). 23 मार्च 2025 ला पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली, म्हणजे कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसली, आणि तेव्हापासून ती फार उघडलेली नव्हती. रिफ्रॅक्टरमध्ये 67 पटीला ग्रहाला टाचणी टोचल्यासारखं काहीतरी दिसलं. 8 इंचीत 200 पटीला दोन्ही बाजूंना स्वच्छ, बारीक रेघ, आणि जरा लांब टायटन, शनीचा चंद्र. हवा मात्र उकळत होती. पूर्वेला शहराचा उजेड असल्याने तिकडचं काहीही मध्यरात्रीनंतरच बघावं.

12 इंचीचा मोह आहेच. पण ती ठेवायची कुठे आणि उचलायची कुणी? ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था 1944 पासून पुण्यात आहे. चार जणांत मिसळून रांगेत उभं राहिलं की दुसऱ्याच्या मोठ्या नळीतूनही तोच तेजोमेघ दिसतो. तूर्त तो पैसा एका चांगल्या नेत्रिकेत घालतो आहे.

130 मिमीचा निर्णय झाला. सासवडला मित्राची मुलगी नववीत आहे, अंगण मोकळं आहे. नळीत मुळात दोष नव्हताच, त्रास माउंटचा. म्हणून सुताराकडून 18 मिमी प्लायची डॉब्सोनियन पद्धतीची बैठक करून घेतली, घासायच्या जागी टेफ्लॉनचे तुकडे. नळी पुढच्या रविवारी जाईल. दिवाळीच्या अमावस्येला तसंही कुणी काही बघत नाही. आपली एक चांगली काळोखी रात्र दरवर्षी धुरात जाते.

इक्वेटोरियल माउंट मात्र राहिला. तो नळीशिवाय माळ्यावर आहे, आणि आईच्या मोजणीत तो अर्धा धरला जातो.