बहात्तरचा दुष्काळ, पेरूचा मासा आणि आमचं सोयाबीन

२०२३ चा ऑगस्ट आठवला की अजून पोटात गोळा येतो. सोयाबीन फुलात होतं आणि पावसानं जो ताण दिला तो दिला, गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, पावसाचा २१ दिवसांचा खंड भरला का, म्हणजे पीकविम्याचं अग्रिम, आगाऊ भरपाई तरी मिळेल. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तोच निघाला. टीव्हीवर सारखं एल निनो एल निनो चालू, आज्जी म्हणाली, "ह्यो कोण रं?"

एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी दक्षिण अमेरिकेच्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त तापणं. हे नाव तिथल्या पेरू देशाच्या कोळ्यांनी दिलं, गरम पाणी नाताळच्या सुमाराला यायचं म्हणून बाळ येशूचं नाव. एरवी तिथं वारा वरचं पाणी पश्चिमेला ढकलतो आणि खालून गार, सकस पाणी वर येतं, त्याच्यावर अँकोव्ही मासा जगतो. वारा मंदावला की गरम पाणी तिकडंच साठतं, मासा जातो, ढग बनायची जागाही तिकडं सरकते आणि आपल्याकडं हवा खाली बसते, आभाळ येतं पण पडत नाही.

आज्जीचं बहात्तर म्हणजे १९७२ चा दुष्काळ, दुष्काळी कामावर खडी फोडणं, वाटपाची सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी. त्याच वर्षी पेरूचा मासाही बुडाला, १९७० ला १ कोटी २० लाख टनांच्या वर होता तो ५० लाखांच्या आत आला! त्या माशाची भुकटी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची, ती तुटली तशी सगळे सोयाबीनच्या पेंडीकडं वळले, भाव इतके चढले की १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच काही काळ थांबवली. आज आमचं लातूर मार्केट ज्या पिकावर चालतं त्याची ही गोष्ट, मला तर हे वाचून झोप लागली नाही.

पण एल निनो आला की दुष्काळ असं धरून चालू नका. १९९७ चा केवढा मोठा होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला कारण हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापली होती. २०१५ च्या एल निनोत मात्र पाऊस गेलाच, आणि पुढच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं लातूरला.

समुद्र तापतोय हे पेरणीच्या आधी कळतं, मग ते बियाणं घ्यायच्या आधी शेतकऱ्यापर्यंत का पोचू नये? मी आता मे महिन्यात ती बातमी बघतो आणि वडलांना फोन करतो. नुसतं सोयाबीन नको, मधी तुरीच्या ओळी घ्या, तिची मुळं खोल जातात, खंड पडला तरी ती तग धरते.