गुडघ्याएवढ्या उंचीवर

पावसाळा सरला की गेटवेसमोर शिडाच्या बोटी परत मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या बांधायच्या जागांवर, दिसू लागतात आणि माझा फोन वाजायला लागतो. ही बोट ३४ फुटी. शेठना रविवारी पाहुण्यांना घेऊन मांडव्याला जायचं होतं. म्हणाले, "मास्टवरचा दिवा लागत नाही, तेवढा बघ. वर चाललाच आहेस तर रिगिंगवरही नजर टाक." रिगिंग म्हणजे मास्टला, डोलकाठीला, उभं धरणाऱ्या तारा.

सकाळी सातलाच गेलो. दुपारी वायव्येचा वारा भरला की वर बसवत नाही. वर चढायच्या खुर्चीला दोन हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचे दोर, बांधले, दोन्ही बोलाइन गाठीनं. खटक्याच्या शॅकलवर, कडीवर, मी जीव टांगत नाही. दोर ओढायच्या विंचवर मामा होते. ते असले की मी खाली बघत नाही.

दिव्याची वायर कुजली होती, दहा मिनिटांत बदलली. मग पुल्या, पिना, स्प्लिट पिना एकेक चाचपत बसलो. तेवढ्यात घारापुरीची लाँच गेली. तिच्या लाटेवर बोट नुसती मान हलवते, पण टोकावरचा माणूस या बाजूच्या पाण्यावरून त्या बाजूच्या पाण्यावर जातो. डोलकाठी हा शब्द ज्यानं काढला, तो नक्की वर चढलेला असणार.

उतरताना स्प्रेडरच्या, म्हणजे तारांना बाहेर धरणाऱ्या आडव्या दांड्यांच्या, टोकांवरची टेप सोडून पाहिली. तारांवरून सुती फडकं फिरवलं. एखादा तंतू तुटलेला असला तर फडकं अडकतं. कुठंच अडकलं नाही. तासाभरानं डेकवर आलो तो खुशीतच.

आणि सापडलं ते गुडघ्याएवढ्या उंचीवर. डाव्या बाजूच्या पुढच्या लोअरच्या, म्हणजे डोलकाठीच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या तारेच्या, पायाशी, तार ज्या नळीत दाबून बसवतात त्या स्वेजवर, चहाच्या डागासारखी बारीक उभी रेघ. नखाला लागेना. पुसून भेगेत शिरणारा लाल डाय लावला, थोडं थांबून पुसला, वर भेगेतला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. लाल रेघ उमटली, पेराएवढी लांब.

खारं पाणी तारेवरून ओघळत नळीत उतरतं आणि तिथंच राहतं. स्टेनलेस स्टीलला हवा लागती राहिली तर ते टिकतं. कोंडलेल्या पाण्यात तेही गंजतं. म्हणून वरच्या टोकापेक्षा खालचं आधी जातं.

शेठ नऊला आले. "केसाएवढी तर आहे! रविवार तरी निघू दे."

"शेठ, वारा डावीकडून आला की ओढ याच बाजूच्या तारांवर. ही सुटली तर डोलकाठी मधोमध मोडेल. खाली पाहुणे बसलेले असतील."

ते काही बोलले नाहीत. मामांनी तारेच्या बदली एक हॅलयार्ड ओढून बाजूच्या पट्टीला ताणून बांधला, तेव्हाच मी तारेला ताण देणारा बॉटल स्क्रू सैल केला. तार गुंडाळून घरी आणली.

रविवारी पाहुणे फेरीनं गेले, असं मामांकडून कळलं. शेठनी दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला.

"ही तार किती वर्षांची होती रे?"

"तुम्ही बोट घेतलीत त्याच्याही आधीची. दहाच्या वर असेल."

"मग बाकीच्या सात?"