खोलीचे भाडे आणि आमची खर्चाची वही

गेल्या वर्षी आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, विमा आहे म्हणून आम्ही निर्धास्तपणे रोज 8,000 रुपये भाड्याची खोली घेतली. पॉलिसीत भाड्याची मर्यादा 5,000 रुपयांची होती. वाटले, तीन दिवसांचे वरचे 9,000 आपण भरू. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क मिळून झालेल्या 80,000 रुपयांनाही भाड्याचेच (8,000 पैकी 5,000) पाच-अष्टमांश प्रमाण लागले, म्हणजे विमा कंपनीने तेवढाच भाग दिला, आणि आणखी 30,000 रुपये आमच्या खिशातून गेले. विम्यात न धरलेल्या हातमोज्यांचे पैसे वेगळेच! ही अट पॉलिसीच्या कागदात स्पष्ट छापलेली होती, वाचली मात्र आम्ही डिस्चार्जच्या दिवशी.

तेव्हापासून वहीत किराणा, लाइटबिल आणि गॅस यांच्याखाली ‘विमा’ हा रकाना दरमहा भरला जातो. वार्षिक हप्ता 26,400 रुपये, म्हणजे महिन्याला 2,200. मार्चमध्ये एकरकमी जुळवाजुळव करताना होणारी ओढाताण त्यामुळे टळते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाल्याने वरचे 4,752 रुपयेही वाचले. ते मी, सौ.चा सोफ्याचा आग्रह बाजूला सारून, आवर्ती ठेवीत टाकले आहेत.